न विचारता घेतलेली भाकर

काल सुनेनं कारळ्याची चटणी कुटली. खमंग वास घरभर झाला आणि मी थेट निलंग्याजवळच्या तलावाच्या कामावर जाऊन पोचले!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. मी भालकीकडून लग्न होऊन आलेली, बोलण्यात निम्मं कानडी. बायकांच्या टोळीत माती वाहायचे. दुपारी त्या एकमेकींच्या फडक्यातली भाकर खुशाल ओढून घ्यायच्या. मला मात्र अदबीनं विचारायच्या, "चटणी घेऊ का गं?" मला वाटायचं, काय हा मान!

एका दुपारी शेवटची पाटी टाकून आले, तर माझं फडकं रिकामं! पोटात आग पडलेली. मी ओरडले, "कोण खाल्लं?"

टोळीची म्होरकी गंगाबाई बोटं चाटत म्हणाली, "आम्ही खाल्लं. लई भारी हाय चटणी! बघत काय उभी राहिलीस? घे की माझी भाकर."

सगळ्यांची फडकी माझ्यापुढं उघडी होती. तशी चव पुन्हा कधी लागली नाही.

"आई, थोडी चटणी घेऊ का?" सून विचारत होती. स्वतःच कुटलेली चटणी!

मी तिच्या ताटातली भाकर मोडून घेतली.