काकाजींच्या जबड्यातला स्क्रू

आमच्या सौभाग्यवतींच्या काकाजींना पृथ्वी गोल आहे हे मान्य होतं. ती फिरते हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. तीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांची उंची-खोली मोजली होती. त्या कामात 'बेंचमार्क' नावाचा एक दगड असतो, त्याची उंची कायमची ठरलेली असते आणि बाकी सगळं त्याच्यावरून मोजायचं असतं. पृथ्वी फिरत असती तर हे दगड जागेवर राहिले असते का, हा त्यांचा सवाल. मी शाळेत भूगोल शिकवतो. पहिल्या भेटीत मी पाऊण तास उत्तर दिलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकवून राहिले ते बरोबर असंल. पण दगड मी माह्या डोळ्यानं पाह्यला न." त्यानंतर तो धडा आला की वर्गात माझाच गोंधळ उडायला लागला.

नवेगाव बांध या गावी त्यांच्या घरी गेलं की पाहुण्याआधी खाटेची विचारपूस होई. पाण्याचा बुडबुडा असलेली एक पितळी पट्टी त्यांच्याजवळ होती. ती खाटेवर ठेवायची, पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारायचे आणि खाट सपाट झाली की मगच बसायची परवानगी. गॅसच्या शेगडीलाही हाच न्याय. तरी काकींचा भात एका बाजूनं लागायचा तो लागायचाच, आणि मग दोष तांदळाचा. पत्ता सांगायची त्यांची रीतही निराळी होती. जे कधीकाळी होतं आणि आता नाही, त्याच्यावरून ते पत्ता सांगत. 'जांभळीपासून डाव्या हातानं' असं त्यांनी सांगितल्यामुळे मी एकदा तळ्याच्या पाळीवर तास-दीड तास जांभूळ शोधत हिंडलो. ते झाड पडून दहा वर्षं झाली होती. झाड गेलं, पण जागा तर तिथंच आहे ना, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काकींनी हे सगळं हसत सहन केलं. सहन होत नसे तो फक्त खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेल्या त्याच्या दिवसाला चार-पाच पुड्या होत, आणि काकाजींचा डावा गाल कायम फुगलेला असे. काकींचा सख्खा भाऊ याच खर्र्यापायी तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. शेवटचे दोन महिने त्याला चमच्यानं पेज भरवायला काकीच होत्या. तेव्हापासून काकाजींनी नुसती जांभई दिली तरी त्या वाकून त्यांच्या तोंडात बघत. शपथा घालून झाल्या, अबोला धरून झाला, कितीदा तरी रडून झालं. काकाजी सगळं शांतपणे ऐकून घेत आणि नवी पुडी उघडत.

अशात त्यांची एक दाढ पडली, आणि तिच्या मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलंडली. दाढ गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, कलंडल्याचं होतं. तोंडातच एक गोष्ट वाकडी आहे म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. मी त्यांना गोंदियात, नागपूरहून दर शनिवारी येणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, ही दाढ आधी उभी करावी लागेल, मगच पुढच्या जागेत खोटी दाढ बसेल. त्यासाठी जबड्याच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा आणि त्याच्या आधारानं दाढ ओढायची. आधाराला शेजारचे दात घेतले तर तेच सरकतात. स्क्रू हलत नाही. आणि काम झालं की स्क्रू काढून टाकायचा.

'हलत नाही' हे शब्द कानावर पडताच काकाजी खुर्चीत ताठ बसले. मला मात्र काही उमजेना. हलवायची दाढ, त्यासाठी ठोकायचं न हलणारं काहीतरी, आणि ते न हलणारंच शेवटी काढून टाकायचं! बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा जे थोडंफार कळलं होतं तेही गेलं. काकाजींनीच मला समजावलं, "बेंचमार्क आहे जी तो." बाईंनी एक अट घातली. खर्रा चालू राहिला तर भोवतीची हिरडी सुजेल आणि स्क्रू ढिला होईल. काकाजी उठले आणि खिशातली पुडी त्यांनी बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मोजणीचा दगड हलवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. घरी ही बातमी कळली तेव्हा काकींना आनंद झाला, पण थोडं लागलंही. माझ्या रडण्यानं जे झालं नाही ते स्क्रूनं केलं, असं त्या आमच्या सौभाग्यवतींजवळ बोलून गेल्या.

मग रोज सकाळी खिडकीत आरसा, एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पट्टीचा कापलेला तुकडा, अशी दाढेची मोजणी सुरू झाली. चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला की दाढ उलटी जाऊन राहिली आहे, आणि पाठोपाठ पहिल्या बसनं ते स्वतःच गोंदियाला आले. बाईंनी पाहिलं तर दाढ छान उभी राहत होती. बऱ्याच उलटतपासणीनंतर उलगडा झाला. मोजणीच्या जुन्या दुर्बिणीत पट्टी उलटी दिसायची, त्यामुळे काचेत दिसेल ते मनातल्या मनात उलटं करून वाचायची त्यांना तीस वर्षांची सवय. आरशातही ते तेच करत होते. "अंकल, मतलब आपको सीधा दिख रहा था?" बाईंनी विचारलं. काकाजी हो म्हणाले, मग नाही म्हणाले. मी मध्ये पडून समजावायला गेलो आणि तिघांचाही गोंधळ झाला. शेवटी, मोजायचं ते बाईंनीच मोजायचं, असं ठरलं.

दाढ उभी राहिली, शेजारी खोटी दाढ बसली, आणि स्क्रू काढायचा दिवस आला. त्या दिवशी काकी पहिल्यांदाच सोबत आल्या. आत शिरताच त्यांनी बाईंपुढे हात जोडले.

"बाई, तो स्क्रू राहू द्या जी. तो निंगला का हे पुन्हा खर्रा सुरू करतीन."

बाईंनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शिक्षणात हा प्रश्न आलेला नसावा. त्यांनी काकींना कसंबसं समजावून बाहेर बसवलं आणि दोन मिनिटांत स्क्रू काढला. तांदळाच्या दाण्याएवढा तो, ताटलीत पडला होता. काकाजींनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग आम्हा दोघांना म्हणाले, "तिले सांगू नका." बाहेर जाऊन त्यांनी काकींना सांगितलं, बाईंनी स्क्रू राहू दिला, पक्का बसला आहे. काकींनी डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

पुढची आठ वर्षं मी या खोट्यात सामील होतो. पानठेल्यावर कोणी पुडी पुढे केली की काकाजी हात मागे घेत आणि स्क्रूचं कारण सांगत. काकी दर भेटीत, त्यांच्यासमोर, मला विचारत, "मास्तर, स्क्रू बरा आहे न ह्यायचा?" मी मान हलवायचो आणि काकाजी छताकडे बघायचे.

एका दुपारी ते जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं. तोंड अगदी निरोगी होतं. महिन्याभरानं मी नवेगावला गेलो. काकी ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या बाईचं दार कुठी लागत होतं? मी आयकली न सारं, तिथंच."

मग आठ वर्षं सारखं स्क्रूचं का विचारत होता, असं मी विचारलं.

"इचारली नसती तं त्यायले सुटल्यावानी वाटलं असतं." त्यांचा हात थांबला. "अन् मास्तर, स्क्रू तं नव्हता तोंडात. मंग आठ वर्सं कोणासाठी सोडलं होतं त्यायनं, सांगा बरं तुमी."

मी समोर बसलो, सुपातले मूठभर तांदूळ पुढे ओढले आणि निवडायला लागलो. त्यातला खडा कुठला आणि दाणा कुठला, ते मला बराच वेळ नीट दिसत नव्हतं.