नकाशापुढची फुलदाणी

मेट्रोच्या जनसुनावणीत व्यासपीठावर मार्गाचा नकाशा होता आणि नकाशापुढे भलीमोठी फुलदाणी. पाहुण्यांचे सत्कार संपेपर्यंत लोक घामाघूम होऊन चिडले होते.

"निधी नदीपर्यंतच पुरतो," अधिकारी म्हणाले.

माझ्या शेजारच्या सुमनताई शहरातल्या इस्पितळात आया आहेत. त्या तडक वर गेल्या आणि त्यांनी फुलदाणी बाजूला सरकवली. "साहेब, आमचं नदीपलीकडचं उपनगर हिच्यामागं आहे. दोन बस बदलून मी घरी जाते तोवर पोरगी झोपलेली असते."

"ताई, तुमच्या भावना नोंदवल्यात."

"भावना राहू द्या, गाडी कुठवर येणार ते सांगा!"

शहराची हद्द बहुधा व्यासपीठावरून दिसेल तिथवरच असते.

मग टाळ्या कडाडल्या. उत्तर यायच्या आत सुमनताई निघाल्या. थांबल्या असत्या तर दुसरी बस चुकली असती.