सोवळे हातमोजे

लहानपणी मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "शिवू नकोस गं, सोवळ्यात आहे मी!" ते आत्याचं. आई मी दोन वर्षांची असतानाच गेली. वडील कर्जत स्टेशनात तारबाबू, आणि घर नि मी, दोन्ही सांभाळायची त्यांची थोरली बहीण, माझी बालविधवा आत्या. पहाटे आंघोळ करून ती धाबळी, म्हणजे सोवळ्याचं लोकरीचं वस्त्र, नेसली की दुपारची जेवणं उरकेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. लावला तर पुन्हा आंघोळ. आणि मला नेमकी सकाळीच तिच्या गळ्यात पडायची हुक्की यायची.

एका थंडीत मी तिला एकाच सकाळी दोनदा शिवले. एकदा चुकून, आणि दुसऱ्यांदा, आता खोटं कशाला बोलू, मुद्दाम. गार पाण्याच्या तीन आंघोळींनी तिला खोकला धरला. वडिलांनी खडसावलं, "पुन्हा शिवलीस तर पोशीरला मामाकडे रवानगी, कायमची!" मामाकडे आत्या नव्हती. माझी पाचावर धारण बसली.

मग डोकं लढवलं. "लोकरीला विटाळ नाही," हे आत्याचंच म्हणणं. म्हणजे हातच लोकरीचे केले तर?

शेजारी गोव्याकडची किरिस्ताव गार्डीणबाई, म्हणजे रेल्वेच्या गार्डाची बायको, राहायची. घाटातल्या थंडीसाठी नवऱ्याला स्वेटर विणून तिच्याकडे नाना रंगांचे गुंडे उरत. क्रोशाची सुई धरायला तिनेच मला शिकवलं होतं. उरलंसुरलं सगळं मागून आणलं. पहिला हातमोजा झाला तो हातमोजा कसला, पडवळ! दुसऱ्याला बोटं आली, पण सगळी सारख्याच लांबीची. करंगळी आत हरवली. मग कागदावर पंजा ठेवून कोळशाने कड आखली, त्यावर धरून एकेका बोटाचे टाके मोजले, शेंड्याकडे कमी करत नेले. अंगठा तर मेला पाच वेळा उसवला. बाजूला वळायचं सोडून शिंगासारखा पुढे यायचा. अखेर जमलं. लाल तळवे, हिरवी बोटं, निळे अंगठे. ध्यान दिसत होतं, पण मला कोण ऐट!

दुसऱ्या दिवशी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. "आत्या, आता शिवू?"

"अगं कार्टे, हे काय सोंग?"

"लोकर आहे. लोकरीला विटाळ नाही, तूच म्हणतेस."

"किरिस्तावाच्या घरची ती!"

"मग तुझी धाबळी काय भटजींच्या मेंढीची?"

ओटीवर वडिलांना फिस्सकन हसू फुटलं. आत्या मात्र पक्की. "लोकरच कशावरून? प्रत्येक रंगाचा धागा तोड नि टाक इकडे." चिमट्यात धरून तिने एकेक धागा चुलीत घातला. लाल जळला, केस जळल्याची घाण सुटली. "लोकर." हिरवाही तसाच. निळा भुर्रकन पेटला, कागदासारखा. आत्याचा चेहरा काय खुलला! "सूत! अंगठे ओवळे!"

"मग अंगठे वर धरून शिवते!"

"अंगठे नव्याने कर आणि मग ये."

"लोकर संपली." एवढं म्हणेपर्यंत मला रडूच कोसळलं.

आत्याने चिमटा खाली ठेवला. तिने धाबळीच्या पदराचे काठाचे धागे ओढून काढले आणि माझ्यापुढे टाकले. दुपारभर बसून मी त्यांना पीळ दिला आणि मळकट पांढरे अंगठे विणले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हातमोजे चढवले, धावत गेले आणि मागून तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. सुती परकर-पोलक्यासकट! हात लोकरीचे, बाकी मी सगळी ओवळी. लक्षात आलं तेव्हा वडील दारातच उभे होते.  मला पोशीरचा रस्ताच दिसायला लागला.

वडील हळूच म्हणाले, "अक्का, आंघोळीचं पाणी काढू का?"

"कशाला?" आत्या म्हणाली. तिने मागे हात घालून मला आणखी जवळ ओढलं. "पोर सगळीच लोकरीची आहे माझी."