पहिल्या बिघाडाची नोंद

सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायची. खोलीभर पसरलेलं ते यंत्र चालता चालता अचानक थांबायचं. पुन्हा सुरू करताना त्याच्या मेमरीत सगळं नव्यानं भरलं जायचं, आणि ते का थांबलं याचा मागमूस उरायचा नाही.

मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्या. वीज गेली तरी त्यांतलं पुसलं जात नसे. म्हणून मी मेमरीतली शेवटची चौसष्ट घरं, म्हणजे चौसष्ट आकड्यांची जागा, राखून ठेवली; पुन्हा सुरू करताना ती भरायची नाहीत. बिघाड झाला की मुख्य प्रोग्रामनं तिथं टिपण ठेवायचं. यंत्र सुरू झाल्यावर आम्ही ते छापून घ्यायचो.

टिपण दर वेळी एकच यायचं: प्रोग्रामच्या टेप चालवणाऱ्या भागात चूक. तो भाग माझ्या वरिष्ठांनी लिहिलेला. त्यांना तिथं काही सापडत नव्हतं, आणि मला ते पटत नव्हतं.

सुट्टीत कागदांची गुंडाळी घेऊन मी अनसिंगला घरी आले. वडील रेल्वेत, रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम. अंगणात पसरलेले कागद पाहून ते शेजारी बसले.

"काय पाहून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"मशीन बंद पडता पडता आणखी एकदा अडखळली, तं ते कुठं लिहिते?"

"त्याच घरांत."

"मंग पैलं?"

"पुसून जाते, बाबा," मी म्हणाले.

"डबा रुळावरून उतरला तं तो पडला तिथं आमी पाहत नाही," ते म्हणाले. "मांगं चालत जातो. चाक पैले कुठं घासलं ते पाहतो. डबा लय पुढं जाऊन पडते."

परत गेल्यावर मी एकच बदल केला: आधीचं टिपण छापून होईपर्यंत त्यावर काही लिहायचं नाही. मग यंत्र बंद पडायची वाट पाहू लागले. नऊ दिवस ते सुरळीत चाललं. दहाव्या दिवशी दुपारी थांबलं.

या वेळी छापून आलेल्या टिपणात चूक प्रोग्रामच्या वेळ मोजणाऱ्या, घड्याळाच्या भागात निघाली. तो मी लिहिला होता. तो आपल्या हद्दीबाहेर जाऊन टेपच्या तक्त्यातला एक आकडा बिघडवत होता.

कागद वरिष्ठांसमोर ठेवला. "तुमची चूक नव्हती. माझी होती."

त्यांनी तो वाचला. मग म्हणाले, "पण नंतरचा, टेपचा बिघाडही खराच होता. तो तरी का गमवायचा?"

आणखी घरं मिळणार नव्हती. संध्याकाळपर्यंत आम्ही पहिल्या आणि शेवटच्या टिपणासाठी चौसष्टची बत्तीस-बत्तीस वाटणी करत, कोणता आकडा गाळला तर चालेल यावर वाद घालत बसलो.