कमलाबाईंच्या लिव्हरमधली रेघ

"बाईच्या लिव्हरमधी माणूस कुठून आला, मॅडम?"

आमचे लॅबप्रमुख अमरावतीत असे ओरडले, की वरूडच्या झाडांवरची संत्री गळाली असतील. हातात माझाच रिपोर्ट. पेशंट कमलाबाई, अकोल्याजवळ शेवंती पिकवणाऱ्या. लिव्हरमध्ये गाठ. गाठीचा सुईने काढलेला तुकडा आमच्याकडे आलेला.

आमचं काम कान देण्याचं. प्रत्येक पेशीत जीन सगळे असतात, पण बोलतात थोडेच. लिव्हरला कॅन्सर झाला की काही भलतेच जीन ओरडायला लागतात. कोण किती ओरडतो ते मशीन मोजतं. त्यावरून कॅन्सर आहे का, आणि किती दांडगा, म्हणजे त्याची ग्रेड, याचा अंदाज येतो. सँपलची अदलाबदल कळावी म्हणून आम्ही आणखी दोन जीन बघतो: एक बाईचा, एक पुरुषाचा.

कॅन्सरचे जीन ओरडत होते. बाईचा बोलत होता. आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर स्क्रीनच्या तळाशी एक बारीक रेघ उठली. पुरुषाची. उशिरा येऊन कुणी दारातच उभं राहावं, तशी.

"तुमच्याच हातचं कायतरी मिसळलं."

"साहेब, मी बाई आहे."

"मंग माहं मिसळलं काय?"

हसण्यासारखं नव्हतं. तुकडा दुसऱ्याचा निघाला, तर बाईंचं लिव्हर उगाच कापलं जाणार आणि कुणीतरी कॅन्सर घेऊन खुशाल फिरणार. ऑपरेशन थांबवलं. मी अकोल्याला जाऊन नवा तुकडा डोळ्यांदेखत घेतला. बर्फाचा डबा मांडीवर. मूर्तिजापूरपर्यंत श्वास घेतला नाही. साहेबांना खोलीबाहेर ठेवून टेस्ट लावली.

रेघ पुन्हा उठली. तिथंच. एसीत माझ्या पाठीवरून घाम ओघळला.

बाईंना फोन केला. "मुलगा आहे का तुम्हाला?"

"तिघी पोरीच हायेत, ताई. पोरगा सातव्या महिन्यात पोटातच गेला. लय वर्स झाले."

पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहू शकतात, हे मी वाचलं होतं. वाचताना पाठीला घाम आला नव्हता.

तुकडा बाईंचाच होता, कॅन्सरही. ग्रेड खालची. गाठ काढली, बाई वाचल्या. मी धडा एवढाच घेतला: सँपलमध्ये परका दिसला, तर आधी आपले हात तपासावे, मग पेशंटला विचारावं.

साहेबांनी स्वतः माझ्यासोबत अकोल्याला येऊन बाईंना सगळं समजावलं. त्यांनी टाक्यांवर हात ठेवला.

"मंग गाठीसंगं त्यालेबी काढलं काय?"

"नाई," साहेब म्हणाले. "उरलेल्या लिव्हरमधी असन."