मोटरच्या आधी नळी

कौशल्यानं दारात पाय रोवले की बैलजोडी लावली तरी ती हलायची नाही, असं तिचा नवरा जिवंत असताना म्हणायचा. कौतुकानं म्हणायचा की वैतागून, हे तिनं कधी विचारलं नाही.

मार्चातल्या त्या मंगळवारी ती तशीच उभी राहिली, हिमानीच्या हॉलच्या दारात. मानेवाड्याच्या त्या गल्लीत तिची चार घरं होती. सगळीकडे झाडूपोछा, हिमानीकडे आणि समोरच्या यमुताईंकडे वरून व्हॅक्यूम क्लीनर. आदल्या दिवशी हिमानीची मशीन नुसती घोंगावली, कचरा काही ओढेना. कौशल्यानं ओल्या फरशीवर फिरवून मोटर जाळली, असं हिमानीनं ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं, यमुताईंनाही सांगितलं. यमुताईंनी सकाळीच पोरीच्या हाती निरोप धाडला, उद्यापासून येऊ नको.

एक घर गेलं. संध्याकाळपर्यंत बाकीचीही गेली असती. गल्लीत दूध नासायला वेळ लागतो, बाईचं नाव नासायला लागत नाही.

"मशीन आणा," कौशल्या म्हणाली.

"मावशी, मेकॅनिकला फोन केला मी. तो म्हणे मोटरच गेली असेल."

"त्यानं पाह्यली का? का फोनमधून जळका वास आला त्याले?"

"उगाच वाद घालू नका."

"वाद कुठं घालून राहिली वहिनी? मशीन उघडून राहिली. आन् यमुताईले बलवा. त्यायले सांगतलं नं तुमी? मंग त्यायच्या समोरच होऊ द्या."

लग्नाआधी सहा वर्षं तिनं सावनेरच्या एका जिनिंगमध्ये काढली होती. तिथे हवेनं रुई ओढणारा पाइप दिवसातून दोनदा तुंबायचा. नवी माणसं मोटरीवर चिडायची आणि रुपराव मिस्त्री गरजायचा, "मोटरले दोष द्यायच्या आधी नळी पाहा! श्वास कोंडला तिचा, जीव नाई गेला!"

यमुताई ओले हात पदराला पुसत आल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो! हिमानीचा नवरा रजत दुपारच्या पाळीला हिंगण्याला जायचा, म्हणून घरीच होता. तो सोफ्यावर पेपर उघडून बसला आणि पेपराच्या बाहेर काही आला नाही.

कौशल्यानं प्लग काढून वायर स्वतःच्या पायाखाली दाबली. जुनी चादर अंथरली. ब्रशच्या रुळाला लांबलचक काळे केस गुंडाळले होते, ते कात्रीनं कापून ओढून काढले.

"हे काई माहे नाईत," आपल्या पांढऱ्या अंबाड्याला हात लावत ती म्हणाली. यमुताई फिसकन हसल्या.

मग नळी. खिडकीकडे धरून आत पाहिलं तर सगळा अंधार. पोछ्याचा दांडा घालून ढोसलं, तसा चादरीवर बोळा पडला. पिवळं, कुजकट वासाचं गवत. मग कापडी पिशवी उघडली. आत धूळ कसली, विटेसारखा ओला गोळा निघाला, वर पांढरा खार.

"तुमच्या फरशीवर गवत उगवते का वं वहिनी?"

कूलरच्या जाळीतलं गवत नागपुरात कोणाला ओळखू येत नाही! हिमानीनं पेपराकडे पाहिलं.

"रजत?"

"रविवारी कूलर काढला नं मी," पेपरामागून आवाज आला. "टाकीच्या तळाला खार होता. पाणी नव्हतं, ओलसर होतं फक्त. म्हटलं, मशीन ओढते का पाहू."

"आणि काल मी मावशींना बोलत होते तेव्हा?"

"मला वाटलं मोटर गेलीच. मग सांगून काय फायदा?"

"फायदा माहा होता नं भाऊ," कौशल्या म्हणाली.

पेपर खाली आला.

"पण मोटर जळाली नाई, हे कशावरून?" यमुताईंनी शेवटचा खडा टाकला.

"उद्या पाह्यजा."

तिनं पिशवी उलटी करून धुतली. फिल्टर नुसत्या पाण्याखाली धरला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हिमानी तो गच्चीवर उन्हात न्यायला निघाली, तर कौशल्यानं हातातून घेतला. "उन्हानं वाकडा होते. सावलीतच वाळू द्या. आन् ओला लावला तर मंग खरंच मोटर जाईन."

बुधवारी यमुताईंच्या देखत तिनं मशीन जोडली आणि बटण दाबलं. चादरीचं टोक गपकन नळीत शिरलं. हिमानीनं तिचा हात धरला. "चुकलं मावशी माझं."

"जेवढ्या आवाजात चोर म्हनलं नं, तेवढ्याच आवाजात गल्लीत सांगा."

"चोर कुठं म्हटलं मी?"

"कामाच्या बाईले मशीन जाळली म्हनलं, का चोर म्हनलं, सारखंच हाय."

यमुताई घाईनं म्हणाल्या, "मंग ये वं उद्यापासून."

"निरोपानं काढलं तुमी मले. बलवायले माह्या दारात या."

यमुताई फणकाऱ्यानं गेल्या. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. हिमानीनं घरोघरी सांगितलं, रजतनं स्वतःहून पिशवी झटकली. कौशल्या तीन घरं करून यमुताईंच्या फाटकावरून मान वर करून जात राहिली.

शनिवारी संध्याकाळी यमुताई तिच्या दारात आल्या. कौशल्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"ये नं वं कौशल्या. चुकलंच माहं." मग आवाज उतरला. "आन् आमचीबी मशीन कालपासून ओढून नाई राहिली."

"कूलर काढला?"

"काढला."

"कशानं झाडला?"

यमुताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्यायनं… थोडासाच ओढला वं."

कौशल्यानं कोनाड्यातली कात्री घेतली, चपला घातल्या.

"चाला. आन् तुमच्या ह्यायलेबी समोर बसवा."