नानांबरोबर नवकांकरी

चौथीच्या वर्गात मी भागाकार शिकवत होते तेव्हा शिपाईकाका दारात येऊन उभे राहिले. घरून फोन होता. पलीकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "नाना गेले..." हातातला खडू तसाच मुठीत धरून मी रिक्षात बसले. घरी पोहोचल्यावर मूठ उघडली तर त्याचा चुरा झाला होता. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

नाना माझे सासरे. लग्न होऊन धुळ्याकडून मी सुरतेला, लिंबायतमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत आले, त्या वेळी मी बारावी पास होते आणि नानांसमोर तोंड उघडायची मला परवानगी नव्हती. तशी ती कुणी नाकारली नव्हती, पण खान्देशातली सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि गप्प राहते, तशी मीही राहिले. दिवसभर शेजारच्या कापड विणायच्या लूमखात्याची खडखड चालायची, त्यामुळे माझं गप्प असणं कुणाला जाणवतही नसे. नाना पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर कामाला होते. त्यांचे हात कधी निळे, कधी जांभळे. साबणानं कितीही घासले तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच.

रविवारी दुपारी समोरच्या खोलीतले रमणभाई यायचे. ते कतारगामला हिरे घासायला जात. दारातल्या ओट्याच्या फरशीवर नानांनी खिळ्यानं नवकांकरीचा पट कोरला होता. एकात एक असे तीन चौकोन, त्यांना मधोमध जोडणाऱ्या रेघा. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ बटणं. आपली तीन एका रेषेत आली की समोरच्याचं एक उचलायचं. लहान मूलही पाच मिनिटांत शिकेल असा खेळ, पण नाना चाल करायच्या आधी इतका वेळ घ्यायचे की रमणभाईंची एक डुलकी व्हायची.

अशाच एका रविवारी मी चहा घेऊन गेले. रमणभाईंची दोन बटणं ओळीत आली होती, तिसरी जागा मोकळी होती, आणि नाना भलत्याच कोपऱ्यात बघत होते. बोलता तर येत नव्हतं. मी नानांचा कप बरोबर त्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि आत वळले. मागून रमणभाई गुजरातीत ओरडले, "अरे, आ तो वहुए चाल आपी!" सुनेनंच चाल दाखवली, ही त्यांची तक्रार ऐकून नाना हसले. लग्नानंतर पाच महिन्यांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी पटाच्या पलीकडे पोतं अंथरलं आणि मला म्हणाले, "बस." सासूबाई भडकल्या. "सासरा-सून समोरासमोर बठीसन खेळतस, लोके काय म्हनतीन?" नाना चिंचोके मोजत राहिले. मी पदर सावरून बसले आणि हरले. नंतर कितीतरी दिवस रोज हरतच राहिले.

मग त्या वर्षी शहरात प्लेगची साथ आली. दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. माणसं तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या गाडीनं गावाकडे निघाली. रमणभाईही कुलूप लावून सौराष्ट्रात गेले. मला नववा महिना लागला होता, म्हणून आम्ही चौघं थांबलो. लूम बंद पडले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. कुणी खोकलं की चौघंही एकमेकांकडे बघायचो. सासूबाई माळ ओढत बसत, हे औषधाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभे राहत. नानांनी पट फडक्यानं पुसून घेतला आणि म्हणाले, "चाल, तुनी चाल शे."

दहा-बारा दिवस आम्ही नुसते खेळलो. एका सकाळी मी त्यांचे चिंचोके असे अडकवले की त्यांना हलायला जागाच उरली नाही. नाना पटाकडे बघत राहिले. "मी हारनू," ते म्हणाले, आणि मग, "बोल, काय जोयजे तुले?"

नारळ, साडी, असलं काहीतरी मागेन असं त्यांना वाटलं असावं. मी मान वर केली. सासऱ्यांशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. "माले शिकनं शे."

आठवड्यानं मुलगी झाली. पुढच्या वर्षी मी पीटीसीला, म्हणजे प्राथमिक शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. सासूबाई चार महिने माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. नानांनी मिलमध्ये कायमची रातपाळी मागून घेतली आणि दिवसा नातीला सांभाळलं. दोन वर्षं तो माणूस सलग चार तास झोपला नाही. मी मराठी शाळेत शिक्षिका झाले, पण मनात एक शंका कायम राहिली : त्या सकाळी नानांनी मला मुद्दाम जिंकू दिलं असेल का? विचारायचा धीर कधी झाला नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द अडखळू लागले. शाळेतून आले की मी पाटावर खडूनं पट काढून त्यांच्या मांडीशी ठेवायची. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा डाव फारच विस्कटला. मला बघवेना. मी माझं बटण हलवून त्यांच्या रेषेत मुद्दाम जागा करून दिली. ते जिंकले. पण हसले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी सगळं विस्कटून टाकलं.

"तू... मुद्दाम हारनी," ते कष्टानं म्हणाले. "मी... मुद्दाम हारनू का कधी?"

त्यांनी बोटानं पट दाखवला. "परत मांड."

मी परत मांडला, मन लावून खेळले आणि जिंकले. मग ते समाधानानं उशीला टेकले.

परवा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मालेबी शिकाड." आता रोज संध्याकाळी बसतो. हरल्या की चिडतात, मी चिंचोके चोरले असा आरोप करतात, आणि पुन्हा मांडायला लावतात. काल पहिल्यांदाच त्यांची तीन एका रेषेत आली आणि त्यांनी माझं एक बटण उचललं. मी ते मुद्दाम दिलं नव्हतं.